वधू-वर मेळाव्यांच्या संयोजकांनो, वयाची ती अट अर्जातून काढून टाका

प्रति,
वधू-वर परिचय मेळाव्यांचे सर्व संयोजक आणि विवाह सूचक मंडळांचे चालक,
नांदेड व लातूर जिल्हे.

विषय : ‘वधू वरापेक्षा वयाने लहान असावी’ ही अट परिचय अर्जातून वगळण्याबाबत.



तुळशीची लग्नं लागली की तुमची धावपळ सुरू होते. मंगल कार्यालय बघायचं, मंडपवाला, आचारी, माईकवाला सांगायचा, गावोगावचे अर्ज गोळा करायचे, परिचय पुस्तिका छापायला टाकायची आणि मेळाव्याच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं. यात तुमच्यातल्या अनेकांना पदरचे पैसेही घालावे लागतात. पूर्वी सोयरीक जमवायला प्रत्येक भावकीत एखादा मामा, एखादी आत्या असायची. आता माणसं नांदेड, लातूर, हैदराबाद, पुण्याला पांगली आणि त्या मामा-आत्याचं काम तुमच्यावर येऊन पडलं. बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर या आमच्या पट्ट्यात तर मांजरा नदीच्या अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं. कितीतरी सोयरिकी बोधन-निजामाबादकडच्या. तुमचे मेळावे नसते तर अनेक घरांत अक्षता पडल्याच नसत्या. म्हणून ही विनंती सरकारला किंवा पुढाऱ्यांना न करता तुम्हाला करते आहे. लोक तुमचं ऐकतात.

मी बिलोलीची. मेळाव्यात नोंदणीच्या टेबलावर बसून अर्ज तपासून घेते. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नाडी, उंची, शिक्षण, नोकरी, शेती किती एकर, बागायत किती, कोरडवाहू किती, मामेकुळ आणि शेवटी ‘अपेक्षा’. या अपेक्षेच्या रकान्यात बहुतेक मुलं ‘३ ते ५ वर्षांनी लहान’ लिहितात आणि मुली ‘३ ते ५ वर्षांनी मोठा’. काही मंडळांच्या अर्जावर तर ही अट आधीच छापलेली असते. लिहिण्याचेही कष्ट नकोत. मग मुलीचा जन्म मुलाच्या आठ महिने आधीचा निघाला तरी त्या दोघांचे क्रमांक एकमेकांसमोर ठेवले जात नाहीत. घरच्यांनी नकार देण्याआधीच छापील कागदानं तो दिलेला असतो.

गेल्या काही हंगामांतली एक जोडी मला विसरता येत नाही. मुलगी आरोग्य खात्यात नोकरीला, वय २९. मुलाचं मोटार वायंडिंगचं दुकान, वय २६. दोघांची आधीपासून ओळख. घरच्यांना मेळाव्यातून जमल्यासारखं वाटावं म्हणून दोघं आपापल्या आईवडिलांना घेऊन आले होते. शिक्षण चांगलं, दोघांच्या हातात पैसा, घरं तोलामोलाची, पत्रिकेतले गुण पंचवीसच्या वर. मुलाची आई टेबलाशी वाकून मला म्हणाली, “सगळं बेस हाय हो माय, पण पोरगी तीन वर्षांनी थोरली. लोक म्हणतील, बायको आणली का अक्का आणली?” तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, जन्मसाल चार वर्षांनी पुढं ढकलून लिहिलं तर चालेल का? मुलीनं ते ऐकलं. तिनं माझ्या हातातला पेन घेतला आणि जन्मतारखेच्या चौकटीत स्वतःच्या अक्षरात खरी तारीख लिहिली. बोलणं तिथंच थांबलं. पुढच्या हंगामात दोघांचेही अर्ज पुन्हा आले, वेगवेगळ्या दिवशी.

त्या घरांत वाईट माणसं नव्हती. मुलाच्या आईला मुलगी आवडली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिला भीती होती ती लोक काय म्हणतील याची. आणि हे ‘लोक’ म्हणजे कोण, तर तुमच्या मांडवात बसलेले आपण सगळे. म्हणून ही भीती घालवण्याची सुरुवातही त्याच मांडवातून व्हायला हवी.

आता या अटीला आधार कशाचा आहे ते पाहू. पत्रिकेचा म्हणाल, तर गुणमेलनाचे ३६ गुण आठ कूटांत वाटलेले असतात : वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. नाडीला सर्वाधिक ८ गुण, वर्णाला १. हे सगळं चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून काढतात. मुलगी मोठी की मुलगा मोठा, यासाठी त्या छत्तिसांत एकही गुण राखलेला नाही. पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ नाकारणारी माणसं पत्रिका जुळूनही नाकारतात, तेव्हा तो नकार ग्रहांच्या माथी मारता येत नाही.

कायद्याचा म्हणाल, तर हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा दोघांची किमान वयं सांगतात : मुलगी १८, मुलगा २१. ती पूर्ण झाली की कोण कोणापेक्षा मोठं, हे विवाह नोंदणी कार्यालय विचारत नाही. मात्र या तीन वर्षांच्या फरकानं आपल्या मनातला समज पक्का केला, हे मान्य करायला हवं. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १५ आणि १८ होतं, १९७८ मध्ये १८ आणि २१ झालं. वयं वाढत गेली, फरक राहिला. २०१८ मध्ये विधी आयोगानं कौटुंबिक कायद्यांवर सल्लापत्र काढलं. त्यात पती-पत्नीच्या वयात असा फरक ठेवायला कायद्याचा काही आधार नाही, बायको नवऱ्यापेक्षा लहानच असली पाहिजे या जुन्या समजुतीला त्यानं बळ मिळतं, असं स्पष्ट म्हटलं आणि दोघांसाठी १८ वर्षं सुचवली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मुलीचं वयही २१ करण्याचं विधेयक लोकसभेत मांडलं. ते समितीकडं गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. एकानं मुलाचं वय खाली आणायला सांगितलं, दुसऱ्यानं मुलीचं वर न्यायला, पण दोघांचं किमान वय सारखं असावं यावर दोन्हींचं एकमत होतं.

राहिलं धर्मशास्त्र. वधू वयानं लहान असावी असं स्मृतींत सांगितलं आहे, हे खरं. पण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तीस वर्षांच्या पुरुषासाठी बारा वर्षांची मुलगी सांगितली आहे आणि चोवीस वर्षांच्या पुरुषासाठी आठ वर्षांची. आज कुणी असा अर्ज घेऊन आला तर तुम्ही त्याला पोलिसांत द्याल, आणि ते योग्यच होईल. म्हणजे त्या ग्रंथांतली ही गोष्ट आपण कधीच सोडली आहे. सोडायला किती वेळ लागला, हेही आठवून बघा. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढं त्यांना मान तुकवावी लागली आणि ३१ वर्षांच्या रानड्यांचं ११ वर्षांच्या रमाबाईंशी लग्न लागलं. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी नऊ वर्षांच्या असताना वीसेक वर्षांनी मोठ्या बिजवराला दिल्या गेल्या. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणलं तेव्हा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर ही घरोघरची गोष्ट होती. त्यानंतर वीस वर्षांचं अंतर दहावर आलं, दहाचं पाचावर. दर पिढीला वाटलं, आता याहून कमी झालं तर जग बुडेल. जग बुडालं नाही. मग पाचावरून शून्यावर आणि शून्यावरून पलीकडं दोन-तीन वर्षं गेलं, तर अनर्थ कसला?

खरं सांगायचं तर वयाच्या बाबतीत आपला समाज इतका काटेकोर कधी नव्हताच. आपल्या वडीलधाऱ्यांचे शाळेचे दाखले काढून बघा. निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा! पहिलीच्या प्रवेशाला बसावं म्हणून गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली ती तारीख. त्याच तारखेवर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली. ज्यांच्या लग्नात खरं वय नवऱ्याला, नवरीला आणि भटजीलाही माहीत नव्हतं, त्यांचे संसार चाळीस-पन्नास वर्षं चालले. आज त्यांच्याच नातवंडांच्या जन्मदाखल्यावर आठ महिन्यांचा फरक दिसला की आपण स्थळ परत पाठवतो.

मग ही अट टिकून राहिली कशावर? टेबलावर बसून जे कानावर पडतं त्यावरून मी सांगते. “लहान पोरगी घरात लवकर रुळते.” “तिला वळण लावता येतं.” “मोठी असली की उलटून बोलती.” तीन वाक्यं, अर्थ एकच : ऐकणारी हवी. वयाचा रकाना हा खरं तर ऐकण्याचा रकाना आहे. नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, शिक्षणानं एक पायरी खाली, पगारानं कमी, उंचीनंही कमी. सगळीकडं ती एकेक पायरी खाली असली की घरातला शब्द कुणाचा, हे बोहल्यावरच ठरून जातं. मला वाटतं, संयोजक म्हणून तुमच्यापैकी फार थोड्यांना असं घर मनापासून हवं असेल. तुमच्या स्वतःच्या लेकी आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत, बँकेत आहेत, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देताहेत. त्यांनी सासरी जाऊन नुसतं ऐकावं, असं तुम्हालाही वाटत नाही.

या एका अटीचा फटका मात्र अनेकांना बसतो.

पहिला फटका सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला. नवरी लहानच हवी म्हटल्यावर मुलीचं प्रत्येक वाढतं वर्ष म्हणजे घटती किंमत, हे आईबापाच्या डोक्यात पक्कं बसतं. “वय निघून जाऊलालंय” हे वाक्य आपल्याकडं मुलगी बारावीला असतानाच सुरू होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होतं. बालविवाह थांबवायच्या शपथा आपण सभेत घेतो. पण ‘लहान हवी’ हे अर्जावर छापून आपणच बापाला घाई करायला लावतो.

दुसरा फटका शिकलेल्या मुलीला. पदवी, मग नर्सिंग किंवा डी.एड., मग भरतीची वाट पाहत नांदेडच्या अभ्यासिकेत काढलेली वर्षं. नोकरी लागते तेव्हा ती २८-३० ची असते. तिच्या वयाची मुलं पंचवीसची शोधत असतात. तिच्यासमोर उरतात ते चाळिशीकडं झुकलेले. घोडनवरी म्हणून तिची हेटाळणी होते, आणि ती काय करत होती? शिकत होती, घराला पैसे पाठवत होती.

तिसरा फटका गावातल्या मुलाला, ज्याच्या बाजूनं ही अट आहे असं आपण समजतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न झालेल्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. गर्भात मुली मारल्याचा हिशेब त्या पोरांच्या अंगावर आला होता. राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागं २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ वर आल्या. बीडमध्ये तर ८०७. त्या २०११ मधल्या छोट्या मुली आता लग्नाच्या वयाला येत आहेत. म्हणजे आजचा पंचविशीतला मुलगा आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान मुलगी शोधायला निघतो, तेव्हा तो नेमका त्या सर्वांत विरळ तुकडीत शोधत असतो. त्यातल्याही मुलींना नोकरीवाला हवा. एकीकडं बत्तीस वर्षांचा, चार एकर बागायत असलेला होतकरू शेतकरी बिनलग्नाचा. दुसरीकडं चौतीस वर्षांची अंगणवाडी सेविका बिनलग्नाची. दोघं एकाच पुस्तिकेत छापलेले, काही पानांच्या अंतरानं. वयाच्या अटीमुळं ती पानं एकमेकांसमोर कधी उघडतच नाहीत.

चौथा फटका विधवेला. बायका सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यात लग्न करतानाच त्यांना पाच-सहा वर्षांनी लहान निवडायचं. म्हणजे आयुष्याच्या शेवटी एकटं राहणं आपण लग्नाच्या दिवशीच तिच्या वाट्याला लिहून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत देशात विधवा स्त्रियांची संख्या चार कोटींच्या वर होती. आणि मराठवाड्यात तर कर्जानं नवरा गेलेली तिशीतली बाई गावोगाव आहे. तिच्याशी लग्नाला एखादा अविवाहित, तिच्याहून लहान तरुण तयार झाला तर त्याचा अर्ज ‘पुनर्विवाह’ विभागात घ्यायचा की ‘प्रथम वर’ विभागात, यावरच आपले कार्यकर्ते अडून बसतात. त्याच वेळी धाकट्या दिराशी विधवा वहिनीचं लग्न लावल्याची बातमी आली की आपण सगळे कौतुक करतो. तिथं ती मोठी असलेली चालते, कारण लेकरं आणि जमीन घरात राहते. मग वय हा अडथळा नव्हताच; अडथळा आपल्या सोयीचा होता.

“आपल्यात असं कुठं होतं?” असं कुणी विचारलं तर सांगायला उदाहरणं दूरची शोधावी लागत नाहीत. ज्यांची जयंती दर दोन ऑक्टोबरला आपल्या प्रत्येक शाळेत होते, त्या गांधीजींपेक्षा कस्तुरबा काही महिन्यांनी मोठ्या होत्या. दोघांचाही जन्म १८६९ चा. तो बालविवाह होता आणि बालविवाहाचं समर्थन कुणीच करू नये. पण ज्या जुन्या घरांनी ती सोयरीक केली त्यांना हे काही महिने आडवे आले नाहीत, एवढं खरं. सचिन तेंडुलकर २४ मे १९९५ रोजी बोहल्यावर चढला तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि डॉक्टर असलेल्या अंजलीताई २७ वर्षांच्या. गावातल्या प्रत्येक पोराच्या खोलीत त्याचं चित्र लागलं, पण त्याच्यासारखं लग्न कुणी करावं असं मात्र कुणी म्हणालं नाही. नवाब सर्फराज खानांच्या दगडी मशिदीच्या आमच्या बिलोलीत मुस्लिम घरांतल्या लेकरांनाही माहीत असतं की बीबी खदीजा पैगंबरांपेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या होत्या. परंपरा पंधरा वर्षांचं अंतर सांगते. त्या स्वतः व्यापार सांभाळणाऱ्या होत्या आणि लग्नाचा प्रस्तावही त्यांच्याकडूनच गेला होता, असं परंपराच सांगते. म्हणजे मोठ्या वयाची, कमावती, स्वतःचं मत असलेली बायको ही कुणा परक्या देशातून आलेली कल्पना नाही.

आता दोन आक्षेप, जे मला रोज ऐकावे लागतात.

“मूलबाळ कसं होणार?” प्रश्न रास्त आहे. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता पस्तिशीनंतर घटत जाते, हे डॉक्टर सांगतात आणि ते लपवू नये. पण २८ ची मुलगी ३२ च्या नवऱ्याशी लग्न करो की २५ च्या, तिचं शरीर २८ चंच राहतं. नवरा मोठा निवडल्यानं तिचं वय कमी होत नाही. उलट पुरुषाचं वाढतं वयही मूल होण्यावर परिणाम करतं. मुलीचं वय विचारा, जरूर विचारा. दोघांनी बसून मूल हवं की नको, केव्हा हवं, हेही बोलावं. त्यासाठी तिचं वय त्याच्यापेक्षा कमीच असावं, असं कुठंच निघत नाही.

“बाया लवकर थकतात, लवकर म्हाताऱ्या दिसतात.” दिसतात खऱ्या. पण का? अठराच्या आत लग्न, विशीच्या आत दोन बाळंतपणं, सगळ्यांनी जेवल्यावर उरलेलं जेवण, डोक्यावर घागर आणि शेतात खुरपं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. बाई लवकर थकते म्हणून लहान आणायची आणि लहान आणल्यामुळं ती लवकर थकते. हे चाक कुठंतरी थांबवायला हवं. तिला वेळेवर जेवण, गोळ्या आणि विश्रांती मिळाली तर दोन-तीन वर्षांचा फरक पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. लहान वयाच्या जोडीदाराशी नातं याचा अर्थ अजाण मुलाशी किंवा मुलीशी नातं, असा कधीही होत नाही. अठराच्या आतलं लेकरू, मग ते मुलगा असो की मुलगी, २०१२ च्या पोक्सो कायद्यानं संरक्षित आहे आणि तिथं संमतीचा प्रश्नच येत नाही. लग्नासाठी मुलाला २१ पूर्ण व्हावीच लागतात. मुलगी २३ ची आणि मुलगा २० चा असेल तर दोघांनी थांबावं. अठराच्या वरही, एकजण शिकवणारा आणि दुसरा विद्यार्थी, एकजण मालक आणि दुसरा कामावरचा, अशी स्थिती असेल तर वडीलधाऱ्यांनी काळजीनं चौकशी करावी. लहान असलेल्याला ‘नाही’ म्हणता येतं का, स्वतःच्या पोटापाण्याचं बघता येतं का, मित्र-नातलग तुटले आहेत का, हे विचारावं. पण हेच प्रश्न अठ्ठावीसच्या मुलाला एकोणीसची मुलगी देतानाही विचारा. मुलगी तीन वर्षांनी मोठी असली की आपण दहा शंका काढतो आणि मुलगा नऊ वर्षांनी मोठा असला की ‘चांगला सांभाळील’ म्हणतो. माप दोघांना एकच लावा.

आणि दोन सज्ञान माणसांनी स्वतः ठरवलं असेल तर त्यांच्या आड येण्याचा अधिकार कोणत्याही पंचायतीला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यातल्या निकालात हे स्पष्ट केलं आहे, आणि बहिष्काराची धमकी देणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. तुमचं मंडळ कुठल्याही समाजाचं असो, अशा जोडप्याच्या मागं उभं राहणं हे कायद्याच्या बाजूनं उभं राहणं आहे.

रूढी बदलायला पिढ्या लागतात असं म्हणून आपण हात झटकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे सगळं एका बैठकीत चुकीचं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. एका गावाला जे जमलं ते तुमच्या मंडळांना जमणार नाही, असं मला वाटत नाही. तुम्हाला ग्रामसभाही बोलवायची नाही. छापखान्यात जाणारा मजकूर तेवढा बदलायचा आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. अर्जातून ‘वधू वरापेक्षा वयाने लहान असावी’ ही छापील अट आणि ‘वयातील अंतर’ हा रकाना काढून टाकावा. ज्याला अपेक्षा लिहायची असेल त्यानं स्वतःच्या हातानं लिहावी.

२. जन्मतारीख शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्यावरून तपासून लिहावी आणि ती कमी-जास्त करण्याची विनंती कुणीही, कितीही ओळखीच्या माणसानं केली तरी नाकारावी. १८ च्या आतल्या मुलीचा आणि २१ च्या आतल्या मुलाचा अर्ज घेऊच नये.

३. परिचय पुस्तिकेत स्थळं वयाच्या गटांत न विभागता तालुक्यानुसार किंवा शिक्षणानुसार लावावीत, म्हणजे सगळ्यांना सगळी पानं उलटावी लागतील.

४. अविवाहित मुला-मुलींना पुनर्विवाह विभागातल्या स्थळांना भेटायची मोकळीक द्यावी आणि तसं माईकवरून जाहीर करावं.

५. व्यासपीठावर वधू मोठी असलेल्या जोडीचा सत्कार इतर जोड्यांसारखाच करावा. वेगळी टाळी नको आणि टोमणाही नको. निवेदकाला हे आधी सांगून ठेवावं.

या पाच गोष्टींना पैसे लागत नाहीत. विरोध होईल, पहिल्या वर्षी काही पालक अर्ज परत घेतील, काही जुने देणगीदार रुसतील. पण तुमच्या टेबलासमोर लेकीचं वय चोरून लिहा म्हणत मान खाली घालून उभा राहणारा बाप त्यापेक्षा जास्त दुःखी आहे. त्याच्या बाजूनं आपण उभं राहिलं पाहिजे.

पालकांनाही दोन शब्द सांगते, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. तुमच्या मुलानं त्याच्यापेक्षा मोठी मुलगी निवडली म्हणून त्याचं पुरुषपण कमी होत नाही आणि तुमच्या मुलीला लहान नवरा आवडला म्हणून ती हट्टी ठरत नाही. मुलगा व्यसनी आहे का, कर्जबाजारी आहे का, हात उचलणारा आहे का, मुलगी मनानं कशी आहे, दोघं संकटात एकमेकांना धरून राहतील का, हे बघा. संसार मोडतात ते या गोष्टींवरून. जन्मसालावरून मोडलेला संसार मी अजून पाहिलेला नाही. जन्मसालावरून न जुळलेले मात्र दर हंगामात पाहते.

संयोजकहो, पुढच्या मेळाव्याचे अर्ज लवकरच छापायला जातील. जाण्यापूर्वी मंडळाची एक बैठक घ्या, हा विषय ठेवा, ठराव करा आणि ती अट काढून टाका. आपल्या तालुक्यात कोणत्या मंडळानं हे सर्वांत आधी केलं, ते मी अभिमानानं सगळ्यांना सांगेन.



आपली,
नोंदणीच्या टेबलावरची एक कार्यकर्ती
बिलोली, जि. नांदेड